रस्ता चौपदरी झाला, आता लेकरांनी शाळेत कुठून जायचं?

मोंढ्याकडचा · सोमवार, रात्री 9:40

लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, आणि मला उद्या मोंढ्यात आडतीवर बसायचं आहे.

आमच्या गच्चीवरून शाळा दिसते, प्रार्थनाही ऐकू येते. सरळ रेषेत चारशे मीटर असेल नसेल. मधे फक्त राज्यरस्ता. दोन वर्षांमागं तो चौपदरी झाला. त्याआधी कडेला लिंबाची झाडं होती, त्यांच्या सावलीतून लेकरं मातीच्या वाटेनं जायची आणि शाळेसमोर रस्ता ओलांडायची. रस्ताच अरुंद होता, खड्डे होते, त्यामुळं गाड्या आपोआप हळू यायच्या. तेव्हा आम्हीच खड्ड्यांच्या नावानं बोंब मारत होतो.

आता लिंबं गेली, दुभाजक आला. फुटपाथ म्हणजे नालीवरचे ढापे. त्यांच्यावर पंक्चरवाला, मोबाईलचं दुकान, एक रसवंती, आणि गिऱ्हाइकांच्या गाड्या. दुभाजकाला कट ठेवलाय तो पार पेट्रोल पंपापाशी. तिथून फिरून यायचं म्हणजे अर्धा किलोमीटर जास्तीचा. कोणतं लेकरू जाईल? एके ठिकाणी दुभाजकाचा दगड निखळलाय, तिथून सगळी दप्तर आडवं करून घुसतात.

गेल्या गुरुवारी माझ्या मुलीचा (चौथीत आहे) पाय दोन ढाप्यांच्या फटीत अडकला. मागून उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, गाणी फुल्ल. रसवंतीवाल्या मावशीनं दंडाला धरून ओढली. गुडघा फुटला, एवढ्यावर निभावलं. घरी येऊन म्हणते, "पप्पा, एक चप्पल तिथंच राहिली."

मला नेत्यांना शिव्या द्यायला धागा काढायचा नाही. कुणी आपल्या गावात असं काही नीट करून घेतलं असेल तर कसं केलं, कुणाकडं गेले, तेवढं सांगा.

नुसतंच_वाचणारा · सोमवार, रात्री 10:05

स्कूटीवर सोडत जा. चारशे मीटरला किती पेट्रोल लागतं? विषय संपला.

औसा_रोडची_आई · सोमवार, रात्री 10:22

विषय संपत नाही दादा, तिथूनच सुरू होतो. आमच्याकडं सगळ्यांनी हेच केलं. साडेदहाला शाळेच्या गेटवर स्कूट्यांची अशी गच्च दाटी होते की पायी आलेल्या लेकराला रस्त्याच्या मधून चालत यावं लागतं. मीही सोडते, खोटं कशाला बोलू. पण ज्यांच्या घरी सकाळी गाडी नसते किंवा मोकळं माणूस नसतं, त्यांच्या लेकरांना आम्हीच धोक्यात घालतो, हे गेटवर दोन दिवस उभं राहिलं की कळतं.

निवृत्त_ओव्हरसियर · मंगळवार, सकाळी 6:50

मोंढ्याकडचे भाऊ, तेहेतीस वर्षं रस्त्याच्या कामावर काढली, म्हणून चार शब्द.

पहिलं काम म्हणजे रस्ता कुणाचा ते नक्की करा. निम्मे अर्ज इथंच मरतात. नगरपालिका म्हणते बांधकाम विभागाचा, बांधकाम विभाग म्हणतो हद्दीत तुमचा. किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग. रुंदीकरणात दगडच गेला असेल (बहुधा गेलाच असेल) तर माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा स्टॅम्प, अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर, नाहीतर त्याच कारणावरून परत येतो. उत्तराची मुदत 30 दिवस. विचारायचं एवढंच की रस्ता कोणत्या कार्यालयाच्या ताब्यात आहे, मंजूर नकाशात शाळेसमोर ओलांडायची जागा आणि फुटपाथ दाखवलाय का, आणि त्या नकाशाची प्रत. कागदावर फुटपाथ असतो भाऊ. मी स्वतः अशा कागदांवर सह्या केल्यात.

दुसरं म्हणजे गतिरोधकाची मागणी पहिल्यांदा करू नका. लोक कंटाळून रात्रीतून मुरूम-सिमेंटचा उंचवटा करतात. त्यावर मोटारसायकलवरची मागं बसलेली बाई पडते आणि पुढच्या महिन्यात तो फोडला जातो. नियमातला गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि फक्त 10 सेंटिमीटर उंच असतो. त्यावरून गाडी ताशी 25 च्या आसपास सुखानं जाते, जोरात गेली तरच आपटते. गावात जे दिसतात ते गतिरोधक नाहीत, ती भिंत आहे.

आधी चालायची जागा मागा. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी 103 नावाची पायी चालणाऱ्यांसाठीची मार्गदर्शिका आहे. तिच्यात फुटपाथची कमीत कमी मोकळी रुंदी 1.8 मीटर दिलीय. मोकळी, म्हणजे खांब, डीपी, रसवंती सोडून. दोन माणसं शेजारून जातील एवढी.

नुसतंच_वाचणारा · मंगळवार, सकाळी 8:15

साहेब, तुम्हीच सह्या केल्या म्हणता आणि तुम्हीच आम्हाला शिकवायलात. भारी आहे.

निवृत्त_ओव्हरसियर · मंगळवार, सकाळी 8:40

केल्या. म्हणूनच कुठं काय लपतं ते सांगायलोय.

एकक_मिती · मंगळवार, दुपारी 1:10

मी लातूरला ट्युशन एरियात फिजिक्स शिकवतो. सवयीनं हिशेब करून पाहिला.

चौपदरी रस्त्याची एक बाजू म्हणजे दोन लेन, साधारण 7 मीटर. चौथीतलं लेकरू दप्तर घेऊन सेकंदाला एक मीटर चालतं असं धरू. म्हणजे 7 सेकंद. ताशी 50 ची गाडी सेकंदाला 14 मीटर येते. सात सेकंदांत 98 मीटर. म्हणजे लेकराला सुरक्षित ओलांडायचं तर उजवीकडं जवळजवळ शंभर मीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. आता आपण गुडघ्यावर बसा, साडेतीन फुटांवरून बघा. कडेला एक टमटम उभी असेल तर दहा मीटरसुद्धा दिसत नाही. लेकरू मान पुढं काढतं, म्हणजे अख्खं अंग लेनमध्ये काढतं.

ड्रायव्हरच्या बाजूनं पाहू. लेकरू दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर 50 च्या वेगात 14 मीटर त्यातच गेले, पुढं थांबायला आणखी तेवढेच. एकूण 28. वेग 25 केला तर 7 आणि साधारण साडेतीन, म्हणजे साडेदहा. वेग निम्मा केला की ब्रेकचं अंतर निम्मं होत नाही, चौथाई होतं. दरवर्षी पोरांना हे गणित घालतो. स्वतःच्या गल्लीला लावून आज पहिल्यांदा पाहिलं.

तेव्हा शाळेपासून दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास पावलं कडेला गाडी उभी करायची नाही, एवढं जमलं तरी मोठा फरक पडेल. त्याला टेंडर लागत नाही.

टोचन · मंगळवार, रात्री 11:30

मी ट्रॅक्टर चालवतो. चार सीझन ऊस ओढलाय, आताबी ओढायलोय. सगळे आमच्याच नावानं बोंबलतात म्हणून लिहायलोय.

गाणी मोठी असतात हे खरंय. रातभर कारखान्याच्या नंबरला थांबून सकाळी मोकळं होतोत, झोप येती, गाण्याशिवाय डोळे उघडे राहत न्हाईत. पैसे खेपेवर अन् टनावर. हळू चालला तर खेप बुडती. ट्रॉलीला ब्रेक असतात का ते विचारू नका. फुडं ब्रेक मारला की मागची दुसरी ट्रॉली आडवी व्हायला बघती, म्हणून आम्ही जोरात ब्रेक मारतच न्हाई. लेकरू दिसलं तरी हॉर्न मारतोत, ब्रेक न्हाई. लिहायला लाज वाटायली पण खरं हेच हाय.

अन् एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. तुमची लेकरं ट्रॉलीतला ऊस उपसतात. पळत येतात, लोंबकळतात. आरशात उसाशिवाय काय दिसत न्हाई. दोन ट्रॉल्यांच्या मधल्या दांडीवरून उडी मारून पलीकडं जाणारी पोरं मी डोळ्यांनं बघितलीत. ते घरी सांगा. आम्हाला काय सांगायचं ते सांगा, पण हे बी सांगा.

मोंढ्याकडचा · बुधवार, सकाळी 7:05

टोचन भाऊ, मनापासून आभार. मुलीला विचारलं. म्हणाली, "मी नाही उपसत, पण वर्गातले सगळे उपसतात." म्हणजे तीही उपसते.

खडू_फळा · बुधवार, सायंकाळी 6:20

परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. आमच्या शाळेत जे चाललं ते लिहितो, एवढं मोठं काही नाही.

सुटण्याच्या घंटेला सगळं एकदम बाहेर पडतं, तोच सगळ्यात वाईट क्षण. आम्ही पायी जाणारी लेकरं आधी सोडतो, रांगेनं, एक शिक्षक गेटवर. ती पांगल्यावर दहा मिनिटांनी गाडीवाल्यांची. पहिल्या आठवड्यात पालकांनी गेटवर भांडणं केली, "आमचा वेळ जातो". एक जण तर मला म्हणाला, गुरुजी तुम्हाला पगार कशाचा मिळतो. नंतर सवय झाली. गाडीवाल्यांना घाई असते, म्हणून ते थोडे लांब थांबून लेकराला चालत बोलवायला लागले. आम्हाला तेच पाहिजे होतं.

दुसरं. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात, शिक्षण हक्क कायद्यातच आहे ते. समितीचा ठराव करून अर्ज द्या. एकट्या बापाचा अर्ज आणि समितीचा ठराव यांत टेबलावर फरक पडतो. प्रत पोलीस ठाण्याला आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात.

आणि स्कूटीबद्दल. आमच्याकडं आठवी-नववीची पोरं स्कूटी घेऊन येतात, मागं दोन जण. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनानं गाडीनं गुन्हा केला तर पालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. बापाला सांगितलं की तो हसतो. "गुरुजी, दोन किलोमीटरवर तर शाळा."

चिकलठाणा_ते_देवळाई · बुधवार, रात्री 9:15

संभाजीनगरहून. बीड बायपासवर देवळाई चौक, संग्रामनगर, एमआयटी अशा तीन ठिकाणी उड्डाणपूल झाले. आम्हाला वाटलं सुटलो. पूल गाडीसाठी असतो, पायी माणूस पुलाखालीच उरतो. उड्डाणपूल मागू नका एवढंच सांगतो. काल आमच्या ग्रुपवर एकानं शाळेसमोर लोखंडी पादचारी पूल मागितला. चाळीस पायऱ्या चढून चाळीस उतरायच्या, पाचवीच्या पोरानं, दप्तरासकट. तो खालूनच पळणार.

दहावी_ब · गुरुवार, रात्री 8:50

मी दहावीत आहे, मोंढ्याकडचे काका ज्या गावाबद्दल लिहितात तिथलीच असेन असं वाटतं, कारण रसवंतीवाली मावशी मला माहीत आहे.

काका, तुम्ही सगळे रस्त्याबद्दल बोलताय. दुसरी वाट आहे ना, कापसाच्या जिनिंगच्या मागची पांदण. ती थेट शाळेच्या मागच्या भिंतीपाशी निघते, मधे मोठा रस्ता एकदाही लागत नाही, कारण पुलाच्या मोरीखालून जाता येतं. मुलं त्या वाटेनं जातात. आम्ही मुली जात नाही. वेड्या बाभळी दोन्हीकडून वाढल्यात, कुत्री आहेत, आणि जिनिंगच्या भिंतीला सकाळीसुद्धा पिणारे बसलेले असतात. काही करत नाहीत, नुसतं बघतात. आईला सांगितलं तर शाळाच बंद होईल म्हणून कुणी घरी सांगत नाही.

ट्रॅक्टरची भीती वाटते, पण रस्त्यावर माणसं असतात. म्हणून आम्ही रस्त्यानं जातो. सकाळच्या ट्युशनला साडेपाचला निघतो, तेव्हा तर अंधारच असतो.

औसा_रोडची_आई · गुरुवार, रात्री 9:30

बाळा, बरं झालं लिहिलंस. एवढ्या मोठ्या माणसांत ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही.

मोंढ्याकडचा · गुरुवार, रात्री 10:10

मी याच गावात वाढलो. त्या पांदणीनं आम्ही बोरं खायला जायचो. ती अजून शिल्लक आहे हे मला माहीत नव्हतं.

निवृत्त_ओव्हरसियर · शुक्रवार, सकाळी 6:45

तलाठ्याकडं गाव नकाशा बघा. दुहेरी तुटक रेषा असेल तर गाडीवाट, एकेरी तुटक असेल तर पाऊलवाट. नकाशावर असेल तर ती सरकारी वाट आहे, जिनिंगवाल्याच्या मेहेरबानीची नाही. मग नगरपालिकेकडून बाभळी काढून मुरूम आणि तीन-चार दिवे एवढंच मागायचं. चौपदरी रस्त्यावरच्या कुठल्याही कामापेक्षा हे स्वस्त आहे. मात्र पावसाळ्यात मोरीखाली पाणी किती चढतं ते आधी बघा. जूनपासून वाट बंद राहत असेल तर ती आठ महिन्यांचीच समजायची.

काळा_कोट · शुक्रवार, दुपारी 2:30

कायद्याची बाजू थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये सांगितलं आहे की चालायला योग्य फुटपाथ मिळणं हा अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 198 अ नुसार रस्त्याच्या रचनेत ठरलेली मानकं पाळली नाहीत तर जबाबदार कार्यालय किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड आहे. अर्जात दोन्हींचा उल्लेख करा.

नुसतंच_वाचणारा · शुक्रवार, दुपारी 3:00

वकीलसाहेब, ते कलम लागू व्हायला कुणीतरी मरावं किंवा अपंग व्हावं लागतं, वाचलंय मी. आणि अनुच्छेद 21 ची झेरॉक्स ट्रॅक्टरपुढं धरायची का?

आधी ढाप्यावरची अतिक्रमणं उचला. रसवंती, पंक्चरवाला, सगळं. जेसीबी लावा. एका दिवसात फुटपाथ तयार.

मोंढ्याकडचा · शुक्रवार, रात्री 9:50

इथंच माझी अडचण आहे. मीही तेच लिहिणार होतो. अर्जाचा कच्चा मसुदा केला, त्यात पहिलीच मागणी "अतिक्रमणे तात्काळ हटवावीत". बायकोनं वाचला आणि विचारलं, मावशीलाच हटवणार का?

आज तिच्याकडं रस प्यायला गेलो. खरं सांगायचं तर पोरगी वाचल्यापासून आभार मानायलासुद्धा गेलो नव्हतो. अर्जाचं सांगितलं. ती चिडली नाही. चरक थांबवला आणि म्हणाली, "काढा की. मागच्या वर्षीबी काढलं होतं, चार दिवसांनी परत बसले. पर सकाळी नऊपासून सांजच्यापर्यंत हितं उभं राहून लेकरं बघणारं माणूस नगरपालिका देणार हाय का, ते इचारा." नंतर नावासकट सांगितलं, कुणाचं लेकरू कुठल्या दगडावरून उडी मारतं.

दहावी_ब लिहिते ना, रस्त्यावर माणसं असतात म्हणून जातो. ती माणसं म्हणजे हीच.

औसा_रोडची_आई · शुक्रवार, रात्री 10:25

मग 1.8 मीटर मोजा आणि तिला तेवढं मागं सरकायला सांगा. हटवायचं कशाला?

निवृत्त_ओव्हरसियर · शनिवार, सकाळी 7:00

मागं जागा असेल तर जमेल. ढाप्याच्या पलीकडं बांधकाम विभागाची पट्टी असते दीड-दोन मीटरची, तिथं दुकानाच्या पायऱ्या आलेल्या असतात. खरं अतिक्रमण बहुतेक वेळा त्या पायऱ्यांचं असतं. हातगाड्याला चाकं असतात म्हणून जेसीबी त्याच्यावर चालतो.

मोंढ्याकडचा · तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री 9:00

काय झालं, काय नाही, ते लिहितो.

शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव झाला. आधी आम्ही चार पालक तीन दिवस सकाळी दुभाजकापाशी उभे राहिलो आणि लेकरं कुठून कुठं जातात ते वहीच्या पानावर काढलं. मला वाटत होतं सगळी निखळलेल्या दगडातून जातात. तसं नाही. लहानगी तिथून जातात. मोठ्या मुली घोळक्यानं पंपाच्या कटापर्यंत चालतात, म्हणजे लांबचा रस्ता त्याच धरतात. ठरावासोबत ते पानच जोडलं. साहेबांनी अर्ज वाचला नाही, पान मात्र उलटंसुलटं करून बघितलं.

मिळालं ते असं. तुटलेले ढापे बदलले, अकरा. झेब्रा पट्टे शाळेसमोर मारले, पण दुभाजकाला कट दिलाच नाही, त्यामुळं पट्टे दुभाजकाला जाऊन थडकतात. हसू येतं बघून. कटासाठी "पाहणी करण्यात येईल" असं उत्तर आलंय. पांदण नकाशावर आहे, दुहेरी तुटक. बाभळी काढून झाल्या, जिनिंगवाल्यानं उलट स्वतःचा ट्रॅक्टर दिला, आम्ही उगाच घाबरत होतो. दिव्यांचे चार खांब लागले.

कट होईपर्यंत लेकरांना एकत्र न्यायचं ठरवलंय. मुलं त्याला दिंडी म्हणायलीत. पुढं एक मोठं माणूस, तो विणेकरी, मागं एक, तो चोपदार. लहान लेकरं मधे, दोन-दोनच्या जोडीनं. सव्वादहाला मारुतीच्या पारापासून निघायचं, वाटेत तीन ठिकाणी थांबा, उशीर झाला तर दिंडी थांबत नाही. ओलांडताना विणेकरी शिट्टी वाजवून हात करतो. पहिल्या सोमवारी नऊ लेकरं होती, आता तीसच्या वर असतात. पावसाळ्यात टिकेल का माहीत नाही. गुरुवारी माणूस मिळत नाही, कारण आमच्याकडं गुरुवारी आठवडी बाजार. दोन गुरुवार दिंडी निघाली नाही आणि लेकरं परत दगडातून गेली.

रसवंती सहा फूट मागं सरकली. मोबाईलच्या दुकानाची पायरी आहे तिथंच आहे.

टोचन · रविवार, रात्री 11:45

आमच्या टोळीच्या सात ट्रॅक्टरला सांगितलंय, सव्वादहा ते पावणेअकरा शाळेपाशी गाणी बंद अन् पहिला गिअर. चौघं ऐकायलेत. तिघं बाहेरचे हायत, त्यांचं काय सांगता येत न्हाई. ट्रॉलीला मागं लाल रेडियम लावलं कारखान्यानं.

नुसतंच_वाचणारा · सोमवार, सकाळी 9:10

चार ट्रॅक्टर आणि अकरा ढापे. बरं आहे, शून्यापेक्षा बरं. त्या पट्ट्यांचा फोटो टाका की, दुभाजकाला थडकणाऱ्या.

दहावी_ब · सोमवार, रात्री 8:30

काका, पांदणीला दिवे लागले, आम्ही सहा जणी आता ट्युशनला तिकडूनच जातो. भिंतीपाशी बसणारे उठून पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर गेलेत. पण मोरीच्या आधीचा खांब, तिसरा, तो पहिल्या दिवसापासून बंद आहे. आज टॉर्च घेऊन गेलो.

मोंढ्याकडचा · सोमवार, रात्री 8:55

खांबावर आकडा रंगवलेला असतो. उद्या जाताना तेवढा बघून इथं लिही, आकड्याशिवाय तक्रार घेत नाहीत. सकाळी साडेपाचला मी मोरीपाशी येऊन थांबतो.